केडगावची पंडिता

आमच्या लहानपणी घरात पंडिता रमाबाईंचे नाव दोन प्रकारांनी घेतले जात असे. आजोबा ते घेत तेव्हा त्याच्या मागे एक तुटक 'हं' उमटे आणि विषय तेथेच संपे. आजी ते घेई तेव्हा तिचा आवाज खाली येई, आणि बहुधा त्या वेळी स्वयंपाकघरात पुरुषमाणूस कोणी नसे. या दोन स्वरांतील अंतर आम्हांस कळण्यास बराच काळ लागला. कळले तेव्हा आजी सत्तरीच्या पुढे गेली होती.

आजीची एक थोरली बहीण होती. तिला सगळे अक्का म्हणत. १८९२ साली, वयाच्या दहाव्या वर्षी, अक्काचे कपाळ पुसले गेले. नवऱ्याचा चेहराही तिला नीट आठवत नव्हता. तिच्या एका मामांनी घरात गोष्ट काढली की, पुण्यास रमाबाईंचे शारदासदन आहे, तेथे विधवा मुलींना शिकवितात, सोवळेओवळे पाळू देतात, पोरीला तेथे ठेवू. वडीलमाणसे अर्धीमुर्धी राजी झालीही होती. तोच पुढच्या वर्षी पुण्यात गवगवा उठला, वर्तमानपत्रांतून रकाने भरले, आणि तो विषय घरातून कायमचा गेला. अक्का त्यानंतर पुष्कळ वर्षे जगली. तिला अक्षर येत नव्हते. धोब्याच्या कपड्यांचा हिशेब ती भिंतीवर कोळशाच्या रेघा ओढून ठेवी. आजी सांगे की, त्या रेघा फार सरळ असत.

हा घरगुती भाग आरंभी सांगण्याचे कारण इतकेच की, रमाबाईंविषयी आम्ही जे लिहीत आहो ते तटस्थपणे लिहीत आहो असा आव आम्हांस आणता यावयाचा नाही. आम्ही संस्कृत शिकलो, संस्कृत शिकविले, आणि आमचा धर्म आम्हांस पुरला. परंतु आता साठी उलटल्यावर आमचे लक्ष तरुण रमाबाईंपेक्षा वृद्ध रमाबाईंकडे अधिक जाते. कलकत्त्याच्या पंडितांनी 'पंडिता' व 'सरस्वती' म्हणून गौरविलेली वीस वर्षांची मुलगी सर्वांस ठाऊक आहे. केडगावच्या माळावर, कानांनी जवळजवळ ऐकू येत नसताना, छापखान्याची मुद्रिते तपाशीत बसलेली साठ वर्षांची बाई फारशी कोणास ठाऊक नाही. तिला त्या वयात कशाचा आधार होता, हा आमचा प्रश्न आहे.

त्याचे उत्तर शोधू लागल्यास प्रथम दुष्काळापर्यंत मागे जावे लागते. रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ चा, सह्याद्रीतील गंगामूळ येथला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे विद्वान. पत्नीस संस्कृत शिकविण्याचा 'अपराध' त्यांनी केला होता, आणि त्या माउलीने तेच संस्कृत आपल्या धाकट्या मुलीस दिले. हे कुटुंब तीर्थोतीर्थी हिंडे, पुराण सांगे, मिळेल त्यावर राही. पुस्तके जवळ असली तरी ती मुखोद्गत व्हावी हा शिरस्ता होता. भागवताचे अठरा हजार श्लोक बारा वर्षांच्या आत पाठ झाले होते असे रमाबाई स्वतः सांगतात. आम्ही आयुष्यभर विद्यार्थ्यांकडून रघुवंशाचा एक सर्ग पाठ करून घेताना घामाघूम झालो आहो, तेव्हा या संख्येपुढे आम्ही नुसते हात जोडतो.

१८७० च्या दशकातील मद्रास इलाख्याच्या दुष्काळाने हे घर मोडले. होते नव्हते ते देवाब्राह्मणांस देऊन झाले, अनुष्ठाने झाली, उपास झाले, पाला खाऊन दिवस काढले. काही महिन्यांच्या आत वडील गेले, आई गेली, थोरली बहीण गेली. आईच्या वेळची हकीकत रमाबाईंनी आपल्या आत्मवृत्तात नमूद केली आहे. प्रेत उचलण्यास माणसे मिळेनात. मोठ्या मिनतवारीने दोन ब्राह्मण आले, तिसरा भाऊ श्रीनिवास, आणि चौथ्या बाजूस ही मुलगी. तिची उंची कमी पडे, म्हणून खांद्याऐवजी तिने तो भार डोक्यावर घेतला. स्मशान काही मैल दूर होते.

पुढे भावंडे पायी उत्तरेस गेली. झेलमच्या काठी कडाक्याच्या थंडीत पांघरूण नाही म्हणून वाळूत खड्डे करून, मानेपर्यंत वाळू ओढून घेऊन, त्यांनी रात्री काढल्या. १८७८ साली ती कलकत्त्यास पोचली, तेथे विद्वत्तेचा डंका वाजला. १८८० साली भाऊ वारला. त्याच वर्षी त्यांनी बिपिनबिहारी दास मेधावी या बंगाली वकिलाशी विवाह केला. १८८१ च्या एप्रिलात मुलगी मनोरमा झाली आणि १८८२ च्या आरंभी पटकीने पतीही गेला. चोविसावे वर्ष पुरे झाले नव्हते तो आईबाप, बहीण, भाऊ, नवरा, इतकी माणसे संपली. उरली एक तान्ही मुलगी.

त्या १८८२ साली पुण्यास आल्या, आर्य महिला समाज काढला, शिक्षणाच्या चौकशीसाठी बसलेल्या हंटर कमिशनापुढे साक्ष दिली, 'स्त्रीधर्मनीति' हे पुस्तक लिहिले. १८८३ मध्ये वैद्यकी शिकण्याच्या हेतूने इंग्लंडास गेल्या आणि त्याच वर्षी २९ सप्टेंबर रोजी वाँटेज येथे मुलीसह बाप्तिस्मा घेतला. महाराष्ट्रात त्यावर काय गहजब झाला तो सांगावयास नको. पैशासाठी, आश्रयासाठी, एकटेपणामुळे, अशी नाना कारणे लोकांनी बसविली. रमाबाईंनी मात्र स्वतः एक प्रसंग सांगितला आहे. लंडनजवळ फुलहॅम येथे पतित म्हणून समाजाने टाकलेल्या स्त्रियांसाठी जोगिणींनी चालविलेले एक गृह त्यांना दाखविण्यात आले. त्या स्त्रियांस तेथे कोणी हिणवीत नव्हते. उलट त्या सुधारू शकतात असे धरूनच सर्व व्यवहार चालला होता. असे का, म्हणून विचारता योहानाच्या शुभवर्तमानातील शोमरोनी स्त्रीची कथा त्यांना वाचून दाखविण्यात आली. रमाबाईंस शास्त्रांतील जे वाक्य सर्वांत अधिक टोचत आले होते ते हेच की, स्त्रीला या देहाने मोक्ष नाही. त्या कथेत त्यांना त्याचे उलट उत्तर सापडले.

येथे आमच्यातील मास्तर जागा होतो. चोखोबा आणि जनाबाई आमच्याकडे नव्हत्या काय? दळणकांडण करणाऱ्या दासीच्या जात्यापाशी देव बसतो हे महाराष्ट्राने सहाशे वर्षे गायिले आहे. हे म्हणणे खरे आहे, आणि तरीही आम्हांस ते पुरते समाधान देत नाही. रमाबाई वाढल्या त्या वारकऱ्यांच्या दिंडीत नव्हे, शास्त्र्यांच्या सभेत. आणि दुसरे असे की, अक्काच्या घरीही रोज हरिपाठ होत असे. जनाबाईचे अभंग म्हणणाऱ्या त्याच ओसरीवर अक्काचे केशवपन झाले. तेव्हा हा युक्तिवाद आम्ही मोठ्याने करीत नाही.

ख्रिस्ती झाल्या म्हणून रमाबाई कोणाच्या ओंजळीने पाणी प्यावयास लागल्या, असेही झाले नाही. वाँटेजच्या जोगिणींशी आणि बिशपांशी त्यांचे जे वाद झाले ते त्यांच्या पत्रांत वाचावयास मिळतात. अंगावर घालावयाच्या क्रुसावर लॅटिन अक्षरे असावीत याला त्यांची हरकत होती. मला समजत नाही त्या लॅटिनपेक्षा माझे जुने संस्कृत काय वाईट, असा त्यांचा सवाल. अन्न शेवटपर्यंत शाकाहारी राहिले, वेष साध्या पांढऱ्या लुगड्याचा, केस आखूड. पंथांच्या भिंती त्यांनी मानल्या नाहीत. शिवाय बाप्तिस्म्यानंतर आठएक वर्षांनी आपणांस जे उमगले म्हणून त्यांनी पुढे लिहिले ते फार प्रांजळ आहे: आपणांस ख्रिस्ती धर्म मिळाला होता, परंतु ख्रिस्त मिळाला नव्हता. धर्मांतराची गोष्ट सांगणारे पुष्कळ, पण धर्मांतराने काम भागले नाही हे इतक्या स्पष्टपणे सांगणारे थोडे.

१८८९ च्या ११ मार्चला मुंबईस शारदासदन उघडले. ते पुढल्या वर्षी पुण्यास आले. धोंडो केशव कर्वे यांच्या द्वितीय पत्नी गोदूबाई, म्हणजे पुढल्या बाया कर्वे, या तेथल्याच विद्यार्थिनी. धर्मशिक्षण द्यावयाचे नाही असा करार होता. रमाबाई आपल्या खोलीत प्रार्थना करीत, दार उघडे ठेवीत, आणि मुली आत येऊन बसत. दार लावून घ्या, असे लोकांचे म्हणणे. ते त्यांनी नाकारले. १८९३ मध्ये रानडे, भांडारकर इत्यादी सल्लागारांनी अंग काढून घेतले, 'केसरी'ने तोफ डागली, पुष्कळ मुलींस पालकांनी घरी नेले. आमचे मत विचाराल तर विश्वासाने पोरी स्वाधीन करणाऱ्या पालकांचा रोष सर्वस्वी अन्याय्य नव्हता. परंतु घरी नेलेल्या त्या मुलींचे पुढे काय झाले याची चौकशी करण्यास कोणत्या पत्राने रकाना दिला? कर्व्यांचा अनाथ बालिकाश्रम निघाला तो १८९६ साली. तोवर आमच्या अक्काच्या वडिलांस 'आश्रम' या शब्दाचाच धसका बसला होता.

त्याच १८९६ च्या सुमारास मध्यप्रांतात दुष्काळ पडला. रमाबाई तेव्हा अडतीस वर्षांच्या. आपण एकदा भोगलेली भूक त्यांनी दुसऱ्यांच्या तोंडावर पाहिली आणि सुमारे तीनशे मुली व स्त्रिया घेऊन त्या परत आल्या. पुण्यात प्लेगचे निर्बंध. इतकी माणसे शहरात ठेवण्यास सरकारची मनाई. पुण्याहून दौंडकडे जाणाऱ्या आगगाडीच्या वाटेवर केडगाव येथे त्यांनी फळबागेसाठी काही जमीन घेऊन ठेवली होती. तेथे तंबू ठोकून, झोपड्या घालून या मुली उतरल्या. 'मुक्ती' उभी राहिली ती अशी. १९०० च्या दुष्काळात गुजरातेतूनही मुली आल्या आणि संख्या दीड हजारांच्या आसपास गेली. विहिरी खणल्या, शेती केली, माग चालू केले, तेलघाणे बसविले, गाई पाळल्या. आंधळ्यांसाठी निराळे सदन झाले, त्यांना बोटांनी वाचावयाची लिपी मनोरमाबाई अमेरिकेहून शिकून आल्या आणि शिकवू लागल्या. म्हाताऱ्यांसाठी एक सदन, समाजाने टाकलेल्यांसाठी एक.

१९०५ साली तेथे प्रार्थनेची मोठी लाट आली, मुली तासन् तास मोठ्याने रडत व प्रार्थना करीत असे वर्णन आहे. संध्यावंदनाच्या शांततेत वाढलेल्या आमच्यासारख्यास हा प्रकार कानांस रुचत नाही, हे आम्ही कबूल करतो. पण वाटते, उपासमारीने ज्यांचे आईबाप डोळ्यांदेखत मेले त्या पोरींनी रडावयाचे ते कोठे?

आता मूळ गोष्टीकडे येतो. याच सुमारास, वयाच्या सेहेचाळीस-सत्तेचाळीसाव्या वर्षी, रमाबाईंनी संपूर्ण बायबलाचे मराठी भाषांतर हाती घेतले. मराठीत बायबल नव्हते असे नाही. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी सेरामपूरच्या पाद्र्यांनी त्यास आरंभ केला होता आणि पुढे त्यात सुधारणा होत आल्या होत्या. रमाबाईंची तक्रार निराळीच होती. त्या भाषांतरांत संस्कृत शब्द फार, ते दुष्काळातून आलेल्या खेडवळ बाईस कळत नाहीत, आणि कळले तर त्यांबरोबर पुराणांचा व वेदान्ताचा अर्थ चिकटून येतो. तेव्हा मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून, सोप्या मराठीत, नवे भाषांतर करावयाचे. त्यासाठी त्या दोन्ही भाषा त्या शिकल्या. ज्या वयात आमच्यासारखे लोक निवृत्तिवेतनाचा हिशेब मांडू लागतात त्या वयात त्या नवी लिपी गिरवीत होत्या. दुसऱ्यांस उपयोगी पडावे म्हणून हिब्रूचे व्याकरणही त्यांनी मराठीत तयार केले.

संस्कृतज्ञ मनुष्यास यातील त्याग चटकन समजेल. अठरा हजार श्लोक ज्या जिभेवर आहेत तिला 'अनुग्रह', 'प्रायश्चित्त', 'अवतार' असले शब्द शोधावे लागत नाहीत, ते आपण होऊन येतात. ते आलेले शब्द परत पाठवावयाचे, आणि त्यांच्या जागी जात्यावर, विहिरीवर बोलला जाणारा शब्द शोधून आणावयाचा. आईने पहाटे उठवून दिलेले धन आयुष्याच्या उत्तरार्धात रमाबाईंनी अशा रीतीने बाजूस ठेवले. आम्ही तसे करू शकलो नसतो. हा लेख लिहितानाही आमच्याच्याने ते होत नाही, हे वाचकांच्या ध्यानात आलेच असेल.

काम सतरा-अठरा वर्षे चालले. छापखाना मुक्तीचाच. खिळे जुळविणाऱ्या मुलीच, यंत्रावर मुलीच, पाने दुमडणाऱ्या मुलीच. देवनागरीचे खिळे म्हणजे काय प्रकरण असे ते जुन्या छापखान्यात पाऊल टाकलेल्यासच ठाऊक: काना, मात्रा, वेलांट्या, जोडाक्षरे मिळून शेकडो घरांचा पसारा. ज्या मुलीला केडगावास येण्यापूर्वी अक्षरओळखही नव्हती तिने हे खिळे उचलावयाचे, उलट्या अक्षरांत ओळ लावावयाची, आणि बाईंनी मुद्रितावर खूण केली की चिमट्याने एक खिळा काढून दुसरा बसवावयाचा. आम्ही शाळेच्या वार्षिक अंकाची मुद्रिते वीस वर्षे तपासली आहेत. चाळीस पानांत आमचे डोळे फिरत. येथे सबंध बायबल, जुना व नवा करार मिळून सहासष्ट पुस्तके.

नवा करार आधी बाहेर पडला, जुन्याचे काम चालू राहिले. बहिरेपणा तरुणपणापासूनच होता, तो वाढत गेला. १९१९ साली सरकारने कैसर-इ-हिंद सुवर्णपदक दिले. मनोरमाबाईंनी गुलबर्ग्यास शाळा चालविली, केडगावचा भारही उचलला. आईच्या पश्चात सारे त्याच पाहतील असे सर्वांनी गृहीत धरले होते. आणि २४ जुलै १९२१ रोजी, वयाच्या चाळिसाव्या वर्षी, मनोरमाबाई वारल्या.

तान्ही असताना जी एकटी उरली होती, तीही गेली. रमाबाई त्या वेळी त्रेसष्ट वर्षांच्या होत्या. आम्ही आज त्याच वयाच्या आसपास आहो, म्हणून हा प्रसंग आम्ही पुनःपुन्हा वाचला. आमची समजूत अशी होती की, येथे लेखणी खाली पडली असेल. पण काम थांबले नाही. तारुण्यात आईबाप गेले तेव्हा दैव, देव आणि शास्त्र या तिघांवरूनही त्यांचा विश्वास उडाला होता असे त्या सांगतात. म्हातारपणी मुलगी गेली तेव्हा तो उडाला नाही. या दोन मृत्यूंच्या मध्ये जे काही त्या स्त्रीच्या ठायी आले त्याला त्या ख्रिस्त म्हणत. मेलेली माणसे मातीत संपत नाहीत, त्यांची भेट व्हावयाची आहे, असे ती श्रद्धा सांगते. ते तत्त्वज्ञान खरे की पुनर्जन्म खरा, यावर आम्ही वर्गात पुष्कळ बोललो असतो. परंतु आईचे प्रेत डोक्यावर वाहिलेल्या बाईने मुलीच्या मृत्यूनंतर आठ महिने मुद्रितांवरच्या वेलांट्या तपासल्या, हे घडलेले आहे.

प्रकृती खालावत गेली. शेवटची मुद्रिते तपासून होईतो आयुष्य द्यावे अशी त्यांनी प्रार्थना केली असे मुक्तीतील मंडळी सांगतात. तपासणी पुरी झाली, आणि ५ एप्रिल १९२२ रोजी झोपेतच त्यांचे प्राणोत्क्रमण झाले. सबंध बायबल १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याचा प्रसार मोठा झाला नाही. मंडळ्यांतून प्रचारात राहिले ते दुसरेच भाषांतर. रमाबाईंचे मूळाला इतके घट्ट धरून चालते की वाक्य कोठे कोठे अवघडते, हा दोष जाणत्यांनी दाखविला आहे आणि तो खरा आहे. १९८९ साली भारत सरकारने त्यांच्या नावे टपालाचे तिकीट काढले. तोवर आमचे आजोबा हयात नव्हते, नाही तर त्यांच्या पाकिटावर तेच चिकटवून आम्ही पत्र धाडले असते.

काही वर्षांपूर्वी आम्ही केडगावास जाऊन आलो. मुक्ती मिशन चालू आहे. मुलींची शाळा सुटण्याची वेळ होती, पाटीदप्तराचा तोच गलका जो आम्ही सदतीस वर्षे ऐकला. आम्ही कोण, कोठले, हे कोणी विचारले नाही. आवारातून हिंडताना अंध स्त्रियांपैकी एक म्हातारी बाई भिंतीशी उन्हात बसलेली दिसली. मांडीवर जाड कागदांचे पुस्तक होते आणि तिचे बोट ओळीवरून सावकाश डावीकडून उजवीकडे सरकत होते. ओळ संपली की ते पुन्हा आरंभाला येई. आम्ही थोडा वेळ उभे राहिलो. तिला आमची चाहूल लागली असावी. वर न पाहताच तिने विचारले, "गाडीला वेळ आहे का, भाऊ?" आम्ही म्हटले, आहे अजून. "मग बसा की," असे म्हणून तिने अंग चोरून जागा करून दिली आणि बोट पुढल्या ओळीवर नेले.